थांबायला जागा : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत नागपूर आणि पुणे ही दोन नावं पुन्हा पुन्हा आली. साहजिकच आहे. ज्या घरातलं एकही पोर हिंजवडी-खराडीत नाही असं घर आज आपल्याकडे शोधावं लागतं, आणि नागपुरात मिहान हा उद्योग-आयटीचा प्रकल्प झाल्यापासून तिकडची मुलंही इकडे नोकरीला येऊ लागली आहेत. माझं माहेर नागपूरच्या महालातलं, बडकस चौकाजवळचं. सासर पुण्याच्या नारायण पेठेतलं. संसार तिकडे झाला, आता नागपूरच्या लक्ष्मीनगरात राहते. दोन्हीकडच्या रस्त्यांवर माझा जीव आहे, म्हणून ही चार पत्रं एकत्र घेतली.

प्रश्न : ताई, आम्ही दोघंही निवृत्त. त्रिमूर्तीनगरात आमचं स्वतःचं घर आहे. मुलगा-सून पुण्याला, वाकडमध्ये. नातू झाला म्हणून दिवाळीपासून आम्ही तिकडेच राहून राहिलो. अकराव्या मजल्यावर छान फ्लॅट आहे, खाली बगीचा आहे, कशाची कमी नाही. पण लोक बोलतच नाहीत हो. लिफ्टमध्ये नमस्कार केला तर मान हलवतात आणि मोबाइल पाहतात. यांना रोज संध्याकाळी चौकात जायची सवय. इथं फाटकाबाहेर पडलं की नुसत्या गाड्या. मुलगा म्हणतो, नागपूरचं घर विकून टाका आणि कायमचे या. पुण्याची माणसं खरंच अशी कोरडी असतात का? आम्ही काय करावं?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : घर विकू नका. हे आधी सांगते, कारण बाकीच्या सगळ्या गोष्टींवर काही ना काही उपाय निघतो, यावर निघत नाही. स्वतःचं फाटक आणि समोर चार हात अंगण असलेलं घर एकदा हातचं गेलं की त्या पैशात तसं घर पुन्हा होत नाही. मुलाला सांगा, निदान दोन उन्हाळे-पावसाळे जाऊ दे, मग बोलू. तोवर वरचा मजला भाड्यानं द्या, घरात दिवा लागता राहील.

आता माणसांबद्दल. तुम्ही ज्याला पुणं म्हणता ते वाकड अगदी अलीकडेपर्यंत शेतीचं गाव होतं. त्याची महापालिकासुद्धा पुण्याची नाही, पिंपरी-चिंचवडची आहे. शेजारी आयटी पार्क आलं, टॉवर उभे राहिले आणि त्यांत देशभरातून माणसं राहायला आली. लिफ्टमध्ये मान हलवणारा तो मुलगा अमरावतीचा असेल, नाहीतर भुवनेश्वरचा. दिवसभर स्क्रीनपुढे बसून, वर तास-दीड तास गाडीत अडकून तो घरी येतो. त्याच्यावरून पुण्याच्या माणसाची परीक्षा करणं त्या शहरावर अन्याय होईल.

पेठांतलं पुणं वेगळं आहे, पण तिथंही तुम्हाला आपल्यासारखा चौक दिसणार नाही. नारायण पेठेत आमची गल्ली इतकी अरुंद होती की समोरून रिक्षा आली तर सायकलवाल्याला भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. अशा रस्त्यावर संध्याकाळी खुर्ची टाकून कोण बसणार? पेठांतलं सगळं बसणं-उठणं वाड्याच्या आत चाले. नळाभोवती, जिन्याच्या पायऱ्यांवर, आतल्या अंगणात. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेले. माझ्या सासूबाई त्या दिवसाबद्दल बोलत तेव्हा भांडीकुंडी आणि सामान वाहून गेल्याचं थोडंच सांगत. शेजार कसा पांगला, कोण गोखलेनगरला गेलं, कोण आणखी कुठं, तेच त्या सांगत बसत. जे वाडे उरले तेही पुढे पाडून त्यांच्या इमारती झाल्या. आतलं अंगण गेलं, पण माणसाला माणूस लागतो ते थोडंच जातं? पुण्यानं भेटणं वेळापत्रकात बसवलं.

सासूबाई रोज पहाटे पर्वतीवर जात. तिथं त्यांच्या ओळखीच्या बायका ठरलेल्या पायरीवर भेटत. एरवी त्या एकमेकींच्या घरी वर्ष-वर्ष जात नसत. आपल्याकडे याला मैत्री म्हणणार नाहीत. पण सासूबाईंना मलेरिया झाला तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी दोघी जणी दारात उभ्या होत्या, एकीच्या हातात मऊ भाताचा डबा. दोन दिवस पायरीवर दिसल्या नाहीत एवढ्यावरून त्यांनी पत्ता शोधून काढला होता. पुण्याचा जिव्हाळा असा वेळेला बांधलेला असतो. कुणी वेताळ टेकडीवर भेटतात, कुणी हनुमान टेकडीवर, कुणी भजनी मंडळात, कुणी हास्यक्लबात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालते, आणि वर्षानुवर्षं शेजारच्या खुर्चीवर बसणारी माणसं तिथं एकमेकांची चौकशी करताना मी पाहिली आहेत. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव असतो, तिथंही हेच.

आपल्याकडची गोष्ट निराळी. त्रिमूर्तीनगर घ्या, लक्ष्मीनगर घ्या, बजाजनगर घ्या, सगळी लेआउटं. प्लॉट पाडून, मधून रुंद रस्ता ठेवून वसलेली. नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, १९३६ च्या कायद्यानं आला आणि पश्चिम नागपूर बरंचसं या पद्धतीनं वाढलं. घराचं फाटक थेट रस्त्यावर उघडतं आणि त्या रस्त्यावर दिवसाचे कितीतरी तास गाडी फारशी येत नाही. त्यात आपलं ऊन. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा दिवसात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. प्याऊवरचे रांजण आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघालेला एखादा पोट्टा, एवढंच. आणि सूर्य गेल्यावर घरात बसवत नाही, कारण भिंती तापलेल्या असतात आणि कूलरही गरमच हवा फेकतो. मग फाटकासमोर सडा पडतो, खुर्च्या बाहेर येतात. महालात आम्ही गच्चीवर बाजा टाकून झोपायचो आणि या गच्चीवरून त्या गच्चीवर रात्री अकरापर्यंत गप्पा चालायच्या. घरात बसवेना म्हणून आपण बाहेर आलो, आणि बाहेर आल्यावर शेजारी भेटला. 'काहो, कुठं जाऊन राहिले?' असं विचारणाऱ्याला तुमच्या कामाशी काही देणंघेणं नसतं. तुम्ही दोन मिनिटं थांबावं एवढंच त्याला हवं असतं.

तुम्हाला आत्ता चुकल्यासारखं वाटतं ते या थांबण्यावाचून. म्हणून वाकडला माणसं शोधायची तर ती लिफ्टमध्ये शोधू नका. लिफ्ट ही थांबायची जागा नाही. रोज एकाच वेळी, एकाच बाकावर नातवाला घेऊन बसा. संध्याकाळी साडेपाच म्हणजे साडेपाच. पंधरवड्यात दुसऱ्या आज्या तुमच्याशी बोलतील, कारण त्याही कुठून तरी आलेल्याच आहेत आणि त्यांनाही कुणीतरी हवंच आहे. सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांचा गट आहे का ते कमिटीच्या माणसाला विचारा. नसेल तर तुम्हीच सुरू करा. नागपूरच्या बाईला हे जड जाणार नाही. हळदीकुंकवाला वरच्या-खालच्या मजल्यांवरच्या सगळ्यांना बोलवा, भाषा येत नसेल तरी बोलवा.

तुमच्या यजमानांची मला जास्त काळजी वाटते. बायकांना नातू, भाजी, देऊळ अशी निमित्तं मिळतात. चौकात उभं राहायची सवय असलेल्या पुरुषाला चौक मिळाला नाही तर तो टीव्हीसमोर बसतो आणि हळूहळू बोलणंच कमी करतो. माझ्या माहेरच्या दोन वडीलधाऱ्या माणसांचं असं झालेलं मी पाहिलं आहे. त्यांना सकाळी घराबाहेर काढा. जवळच्या अमृततुल्यात रोज त्याच वेळी चहा घेऊ द्या. चहावाला तिसऱ्या आठवड्यात न सांगता कप पुढे करतो, आणि तिथं रोज येणारी चार माणसं असतातच. पिंपरी-चिंचवड भागात विदर्भातले लोक खूप आहेत. सावजीची भोजनालयं तिकडेही निघाली आहेत. तिथं एकदा जेवायला गेलं की दोन गाववाले भेटतात.

आणि कायमचं कुठंच जाऊ नका. एप्रिल ते जून वाकडला काढा, पुण्याची संध्याकाळ त्या दिवसांत सुखाची असते. पोळ्याच्या आधी नागपूरला या आणि थंडी इथं काढा. पूर्वी हा प्रवास म्हाताऱ्या माणसांना नकोसा वाटे. आता ऑगस्ट २०२५ पासून अजनीहून पुण्याला वंदे भारत सुटते, बारा तासांच्या आसपास पोचवते, आणि बसल्या जागी प्रवास होतो. पुढे दोघांपैकी एकच राहिलं तर काय, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाही, पण तो मनात असणार. त्या वेळी मुलाजवळ जावं असं मला वाटतं. मात्र तोवर तिकडे आपली चार माणसं झालेली असावीत. म्हणून आत्तापासूनच त्या बाकावर बसायला लागा.

प्रश्न : मी कोथरूडची, वय चोवीस. मिहानमध्ये नोकरी आहे, मनीषनगरात एका काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहते. संध्याकाळी ऑफिसमधून येताना चहाच्या ठेल्यावर थांबते तर तिथं मी एकटीच मुलगी असते आणि सगळे बघत राहतात. काकू रोज विचारतात, कुठं गेली होतीस, कोण होतं. पुण्यात मला असं कुणीच विचारत नव्हतं. पण परवा रात्री गाडी बंद पडली तर चार माणसं धावत आली, एका घरातल्या आजींनी आत बसवून पाणी दिलं, गाडी सुरू झाल्याशिवाय कुणी हललं नाही. हे शहर मला कळतच नाही.
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : बेटा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण तू ज्या दोन गोष्टी लिहिल्यास त्या एकाच सवयीतून येतात. इथं रस्त्यावरचा प्रत्येक जण नजरेत असतो. गाडी बंद पडली की त्या नजरेचा आधार होतो आणि तू चहा पीत उभी असलीस की तीच नजर टोचते.

ठेल्यावरच्या बघण्याची मी बाजू घेणार नाही. आपला पानठेला आणि त्याला लागून असलेला चायठेला ही पिढ्यान् पिढ्या पुरुषांची जागा राहिली आहे. तिथं पन्नीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला जातो, पिचकाऱ्या मारल्या जातात, आणि बाई आली तर ती चुकून आली असं धरलं जातं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी चौकाचौकांत खर्रा चालू आहे आणि किती तरुण पोरांचे जबडे त्यानं आखडले आहेत. आपल्या चौकांचं मी मनापासून कौतुक करते, पण ज्या चौकात निम्म्या शहराला उभं राहता येत नाही तो चौक माझ्या लेखी अर्धाच आहे.

पुण्यात तुला हे जाणवलं नाही, कारण तू ज्या रस्त्यांवर वाढलीस तिथं मुलींची संख्याच मोठी. फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये सुरू झालं. त्या रस्त्यावर मुलींच्या कितीतरी पिढ्या कॉलेजातून बाहेर पडून कट्ट्यावर बसल्या. जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ रुंद केला, बसायला जागा केली, तिथं रात्री नऊलाही बायका निवांत बसलेल्या दिसतात. झेड ब्रिजवर दोघं-दोघं बसतात आणि कुणी वळून बघत नाही. हे तिथल्या माणसांच्या मनाच्या मोठेपणामुळं झालं असं मला वाटत नाही. मुली रोज दिसत राहिल्या, म्हणून बघणाऱ्याची नजर निवली.

नागपूरच्या मुली घरात बसतात असं मात्र समजू नकोस. आपल्या पोरी दुपट्टा बांधून, दुचाकीवर, भर उन्हात शहराच्या या टोकापासून त्या टोकाला जातात. पण रस्त्यावरून जातात, रस्त्यावर थांबत नाहीत. थांबतात त्या काही ठरावीक जागी, आणि त्या जागा तुला माहीत हव्यात. संध्याकाळचा गोकुळपेठ बाजार. शंकरनगर चौकाचा परिसर, कारण तिथं एलएडी कॉलेज आहे आणि मुलींची वर्दळ आहे. सीताबर्डीतल्या मोदी नंबरच्या गल्ल्या. सुटीच्या दिवशी फुटाळा तलावाचा काठ. तिथं चहा पिऊन बघ, कुणी बघत बसणार नाही.

आणि मनीषनगरचा ठेला सोडू नकोस. ऑफिसातल्या दोघी-तिघी मिळून जा, रोज त्याच ठेल्यावर, त्याच सुमारास. ठेलेवाल्याशी बोल, त्याच्या घरच्यांची चौकशी कर. नागपुरात ठेलेवाला ओळखायला लागला की त्याच्या ठेल्यावर कुणी वेडंवाकडं वागलेलं तो खपवून घेत नाही. तुमच्यामागून दुसऱ्या येतील.

काकूंना तू जाण्याआधीच सांगून टाक, 'काकू, आज उशीर होईल, मैत्रिणीकडे जाऊन राहिले.' त्यांच्या विचारण्यात निम्मी काळजी आहे, ती इतक्यानं शांत होते. उरलेली निम्मी चौकशी असेल आणि ती तुझ्या खासगी गोष्टींपर्यंत येत असेल, तर गोड आवाजात पण स्पष्ट सांग की याचं उत्तर मी देणार नाही. भाडं भरतेस, तुझा हक्क आहे. आजारी पडलीस तर रात्री दोनला वाफारा देणारी तीच काकू असेल, हेही लक्षात ठेव. पुण्यात कदाचित कुणी विचारणार नाही आणि वाफाराही कुणी देणार नाही. तुला यातलं काय हवं ते तुझं तू ठरव. दोन्ही ठिकाणी चांगलं जगता येतं.

प्रश्न : नात सात वर्षांची आहे, पुण्याला असते. यंदा पोळ्याला नागपूरला येणार आहे. तिला मारबत दाखवायची माझी फार इच्छा आहे. जावई म्हणतात, नुसता गोंगाट आणि शिव्या, त्यापेक्षा पुण्याचे गणपती तिला शिस्तीत पाहू द्या. ताई, तुमचं काय मत?
– एक आजोबा, सक्करदरा

उत्तर : दोन्ही दाखवा. पोळ्याचा दुसरा दिवस मारबतीचा, आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत गणपती बसतात. विसर्जन आणखी दहा दिवसांनी. म्हणजे त्याच मुलीला एकाच महिन्यात दोन्ही शहरांचे रस्ते भरून वाहताना बघता येतील, यापरता चांगला योग कुठला!

पुण्याची विसर्जन मिरवणूक मी पेठेतल्या खिडकीतून, रस्त्यावरून, सगळीकडून पाहिली आहे. तिथं मान ठरलेला असतो. आधी कसबा गणपती, मग तांबडी जोगेश्वरी, मग गुरुजी तालीम, मग तुळशीबाग, मग केसरीवाडा. या पाचांनंतर बाकीची मंडळं. मंडईजवळून निघालेली मिरवणूक लक्ष्मी रस्त्यानं जाते आणि सगळं संपायला दुसरा दिवस उजाडतो. पहिले पाच गणपती जाताना ढोल-ताशाची जी लय असते ती ऐकून माझ्या अंगावर आजही काटा येतो. तुमची नात ते बघेलच, तिचे आईवडील तिथंच आहेत.

मारबत मात्र तिला दुसरीकडे कुठं बघायला मिळणार? मारबत म्हणजे रोगराई आणि दुःखं सोबत नेणाऱ्या बाईचा मोठा पुतळा. त्याची ही मिरवणूक आपली, सव्वाशे वर्षांहून जुनी. पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतून निघते, काळी इतवारीतून, आणि नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. काळी मारबत भोसल्यांच्या बांकाबाई इंग्रजांना मिळाल्या त्या रागातून निघाली असं जुनी माणसं सांगतात. मागून बडगे नावाचे पुतळे येतात आणि बडगे म्हणजे त्या वर्षी लोकांच्या मनात जे जे साचलं असेल ते सगळं: महागाई, भ्रष्टाचार, डेंग्यू, खड्डे. 'इडा, पिडा, खासी, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!' असा गजर करत सगळा जमाव शहराबाहेर जाऊन ते जाळून येतो. गणपतीत देवाला निरोप देतात, मारबतीत दुःखाला हाकलून देतात. जे बोलायची सोय वर्षभर कुठंच नसते ते इतवारीतला माणूस त्या दिवशी भर रस्त्यात ओरडून बोलतो, आणि गरीब-श्रीमंत, या जातीचा-त्या जातीचा, सगळे एकाच गर्दीत उभे असतात. हे सात वर्षांच्या मुलीनं बघायलाच हवं.

जावयांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. गर्दीत तोंडं सुटतात, आणि काळ्या मारबतीचा चेहरा लहान मुलाला भेडसावतोही. म्हणून तिला घरीच आधी गोष्ट सांगा, की ही बाई सगळे आजार पदरात घेऊन जाते. इतवारीत कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून दाखवा. दुकानांचा तो भाग जुना आहे, बहुतेक घरांना गॅलऱ्या आहेत, आणि त्या दिवशी परकी माणसंही वर बोलावली जातात. कानात कापूस, पाण्याची बाटली, अंगात सुती कपडे. काळी-पिवळीची भेट झाली की घरी न्या, बडग्यांच्या शेवटापर्यंत थांबवू नका.

त्याच संध्याकाळी तान्हा पोळा, लहान मुलांचा. तिच्यासाठी चाकाचा लाकडी बैल घ्या, मोठा नको, तिला ओढता येईल एवढा. सक्करदऱ्यात तुमच्या गल्लीत दारोदार नेऊन तिला बोजारा मागू द्या. पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलीला एका संध्याकाळी वीस अनोळखी घरांचे उंबरे ओलांडता येतात, हातावर पैसे आणि खाऊ पडतो, ही गोष्ट ती मोठेपणीसुद्धा सांगेल. बैल तिच्याबरोबर पुण्याला जाऊ द्या.

आणखी एक. दसऱ्याला ती पुन्हा येणार असेल तर तिला दीक्षाभूमीवर न्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथं लाखोंना दीक्षा दिली. आजही त्या दिवसांत देशभरातून लोक येतात, रस्त्यांच्या कडेला जागोजागी जेवण वाटलं जातं, आणि पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी असते तशी मी पुण्यात अप्पा बळवंत चौकातही पाहिलेली नाही. हातात डब्यांच्या जोडीला पुस्तकांच्या पिशव्या घेऊन खेड्यातल्या बायका परतीच्या गाडीकडे चालत असतात. तिला तिच्या पसंतीचं एक पुस्तक तिथून घेऊन द्या.

प्रश्न : ताई, तुम्ही फाटकासमोरच्या खुर्च्यांबद्दल नेहमी लिहिता. आमच्या गल्लीत आता त्या खुर्च्या राहिल्याच नाहीत. सिमेंट रोड झाला, रस्ता वर गेला, घरं खाली गेली. पावसात पाणी अंगणात येतं. कडुलिंबाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं, तो वाळून राहिला. रस्ता चांगला झाला म्हणून गाड्या सुसाट जातात. बसायचं कुठं?
– एक वाचक, हनुमाननगर

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं, आणि रागही आला. चांगला रस्ता कुणाला नको असतो? खड्ड्यांनी मणके गेलेली माणसं आपल्या ओळखीची आहेत. पण रस्ता फक्त गाडीसाठी मोजला की असं होतं. चारी बाजूंनी काँक्रीट झालं की दिवसभराची उष्णता रात्री उशिरापर्यंत सुटत राहते. झाडाच्या मुळांना पाणी मिळत नाही. पावसाचं पाणी मुरायला जागाच नसते म्हणून ते सखल घरात शिरतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी रस्त्यावर आली, आणि झोपेतल्या माणसांच्या अंथरुणात पाणी गेलं. त्या दिवसानंतर तरी रस्त्याची उंची ही घराघरातली चर्चा व्हायला हवी होती.

पुण्यात पेठांचं अंगण गेलं तेव्हा तिथल्या लोकांना टेकड्यांनी सांभाळलं, आणि त्या टेकड्या वाचवायला ते लोक आजही सभा घेतात, सह्या गोळा करतात, पहाटे तिथं जमून उभे राहतात. हे मी तिथं राहून पाहिलं आहे आणि नागपूरनं हे त्यांच्याकडून घ्यावं असं मला फार वाटतं. आपल्याकडे टेकडी नाही म्हणू नका, सेमिनरी हिल्स आहे. पण तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी घरासमोरचा कडुलिंब हीच टेकडी. तो गेला तर सावली जाते, सावली गेली की खुर्ची आत जाते, आणि मग पलीकडच्या घरात कोण आजारी आहे हेही कळेनासं होतं.

झाड अजून वाचेल. 'वाळून राहिला' असं तुम्ही लिहिता, म्हणजे पूर्ण वाळलेलं नाही, वेळ आहे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीच्या झाडांबाबत बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. महापालिकेला अर्ज द्या आणि त्यात याचा उल्लेख करा. मागणी दोनच ओळींची असू द्या: बुंध्याभोवतीचं काँक्रीट एक मीटर फोडून माती मोकळी करावी, आणि पावसाचं पाणी वाहून नेणारी नाली घरांच्या पातळीपेक्षा खाली करावी. गाड्यांसाठी गतिरोधक हवा असेल तर तो अर्ज वेगळा करा, एकात दोन विषय घातले की दोन्ही अडकतात. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या सह्या घ्या. भाडेकरूंच्याही घ्या, बायकांच्या सगळ्यांत आधी घ्या, कारण संध्याकाळी बाहेर बसणं त्यांचंच बंद झालं आहे. झाडाचे, पाणी भरलेल्या अंगणाचे आणि रस्ता व उंबरा यांतल्या फरकाचे फोटो जोडा. फरक दाखवताना शेजारी मोजपट्टी धरा. जुना, रस्ता होण्याआधीचा फोटो कुणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये सापडतो का बघा, फाटकासमोरची वरात असतेच.

सह्या घ्यायला एकेका दारात जाऊ नका. एका रविवारी संध्याकाळी त्या कडुलिंबाखालीच चार खुर्च्या टाका, गाड्यांसाठी अलीकडे-पलीकडे दोन पोट्टे उभे करा, चहा ठेवा आणि सगळ्यांना तिथं बोलवा. मग दोघं-तिघं मिळून झोन ऑफिसला जा, सकाळी अकराच्या सुमारास. अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या, तिच्यावर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, आणि त्या क्रमांकाचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर त्याच दिवशी टाका.